संमती आणि संख्या : गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लसीकरणाचा भारतातील प्रारंभ (२००९–२०२२)

१

लसीकरणाच्या इतिहासाचे लेखन बहुधा दोन आकड्यांभोवती फिरत असते. किती जणांना लस टोचली हा पहिला आकडा, आणि त्यामुळे किती मृत्यू टळले हा दुसरा. शासकीय अहवाल याच दोन आकड्यांवरून यशापयशाचा निवाडा करतात, आणि इतिहासकारही पुष्कळदा त्यांच्यामागून जातो. देवीसारख्या रोगाच्या बाबतीत ही पद्धती फारशी चुकत नाही. तेथे रोग डोळ्यांना दिसतो, शेजारच्या घरी तो येऊन गेलेला असतो, आणि ज्याच्या देवी काढल्या त्याला रोग झाला नाही याचा पडताळा त्याच पिढीला येतो. परंतु जी लस आज निरोगी मुलीला टोचावयाची व जिचे फळ वीस-तीस वर्षांनी दिसावयाचे, तिच्या बाबतीत दुसरा आकडा दीर्घकाळ हाती येतच नाही. मग पहिल्या आकड्यालाच यशाचे प्रमाण मानण्याचा मोह होतो.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस ही या प्रकारची लस होय. या रोगाचा भार जगातील दरिद्री स्त्रियांवर विशेष पडतो. २०२२ सालच्या आंतरराष्ट्रीय अंदाजानुसार एकट्या भारतात त्या वर्षी सुमारे १,२७,००० स्त्रियांना हा रोग नव्याने जडला आणि सुमारे ८०,००० स्त्रिया त्याने दगावल्या. असे असताना २००८ साली भारतात परवाना मिळालेली ही लस २०१० नंतर कित्येक वर्षे सार्वजनिक कार्यक्रमात येऊ शकली नाही. हा विलंब का झाला, याची उत्तरे एकमेकांस छेद देणारी आहेत. काहींच्या मते अज्ञान व अफवा यांनी एका उपकारक लसीचा घात केला. काहींच्या मते परकी संस्था व औषधकंपन्या यांच्या हितसंबंधांना वेळीच पायबंद बसला. प्रस्तुत निबंधात या दोन्ही मतांचा परामर्श घेऊन असे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे की, खरा प्रश्न संमतीचा होता. आणि संमती मिळाली आहे किंवा नाही हे टोचणीच्या टक्केवारीवरून कळत नाही.

२

प्रथम रोगाचे स्वरूप थोडक्यात पाहणे अवश्य आहे. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन व त्यांचे सहकारी यांनी १९८३ साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींतून पॅपिलोमा विषाणूचा सोळावा प्रकार वेगळा केला, आणि पुढच्याच वर्षी अठरावा. या कार्याबद्दल त्यांना २००८ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. या दोन प्रकारांमुळे जगातील सुमारे ७० टक्के गर्भाशयमुखाचे कर्करोग उद्भवतात. १९९१ साली ऑस्ट्रेलियात इयन फ्रेझर व झियान झोउ यांनी विषाणूच्या बाह्य कवचासारखे, पण आतून पोकळ व निरुपद्रवी असे कण तयार करण्याची रीती शोधून काढली. त्यातूनच लस सिद्ध झाली, आणि २००६ साली अमेरिकेत तिला पहिला परवाना मिळाला.

विषाणूचा संसर्ग शरीरसंबंधातून होतो. संसर्ग झाल्यानंतर लसीचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून ती मुलीच्या विवाहापूर्वी, बहुधा नऊ ते चौदा या वयात, टोचावी लागते. या एका वैद्यकीय वस्तुस्थितीतून तीन सामाजिक परिणाम निष्पन्न होतात. जिला लस द्यावयाची ती मुलगी कायद्याने अज्ञान असल्यामुळे निर्णय दुसऱ्या कोणी करावा लागतो. ज्या रोगाबद्दल बोलावयाचे तो रोग ज्या अवयवाचा व ज्या व्यवहारातून येणारा, त्यांचा उच्चार घरात मोकळेपणाने होत नाही. खेड्यातील स्त्री ‘पिशवीचा आजार’ एवढेच म्हणते, आणि तेही उशिरा. आणि ज्यांच्याजवळ नियमित तपासणीची सोय नाही, त्यांनाच या लसीची गरज सर्वांत अधिक असते. परंतु याच लोकांचा शासकीय आरोग्ययंत्रणेशी आलेला पूर्वानुभव विश्वास उत्पन्न करणारा असतोच असे नाही. सारांश, ज्यांना लस सर्वांत अधिक हवी त्यांच्याकडेच सर्वांत अधिक विश्वासाची मागणी करावी लागते. हा पेच ध्यानात घेतल्यावाचून पुढील घटनांचा अर्थ नीट लागत नाही.

३

हा पेच सोडविण्याचा एक मार्ग महाराष्ट्राने लसीच्या आधीच पाहिला होता. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे टाटा स्मारक रुग्णालयाच्या साहाय्याने १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा व भूम या तालुक्यांतील खेडी तिच्या कक्षेत होती. शहरातील नोंदणी रुग्णालयाच्या दप्तरांवरून करता येते. परंतु ज्या मुलखात रोगी रुग्णालयापर्यंत पोचतच नाही, तेथे नोंदणीकारालाच गावात जावे लागते. बार्शीच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव फिरून लोकांशी बोलणे, लक्षणांची माहिती देणे आणि संशयित रोग्यास तपासणीला पाठविणे असा क्रम ठेवला. हे कार्यकर्ते वैद्य नव्हते. तरीही काही वर्षांतच असे आढळून आले की, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने पीडित स्त्रिया पूर्वीपेक्षा रोगाच्या अलीकडच्या अवस्थेत उपचारार्थ येऊ लागल्या. केवळ मोजण्यासाठी म्हणून ठेवलेला संपर्कच उपचाराचे साधन ठरला, असे या प्रयोगाचे तात्पर्य सांगता येईल.

या संपर्काच्या पायावरच शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १९९९ पासून एक फार मोठा अभ्यास उभा राहिला. ५२ ग्रामसमूहांतील तीस ते एकोणसाठ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचा त्यात समावेश होता. तपासणीच्या तीन पद्धती व नेहमीची सेवा अशा चार गटांची तुलना करण्यात आली. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर तपासणी न झालेल्या गटात ६४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या लक्षात घेता मृत्यूचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले होते. या अभ्यासावर पुढे नैतिक आक्षेपही घेतला गेला, आणि त्याची नोंद येथे केली पाहिजे. तपासणी उपयुक्त असते हे ठाऊक असताना एका गटाला ती का दिली नाही, हा तो आक्षेप होय. भारतात त्या काळी खेड्यातील स्त्रीला नेहमीच्या सेवेत अशी तपासणी मिळतच नव्हती, हे अभ्यासकांचे समर्थन. तथापि ‘इतरांनाही मिळत नाही’ हे उत्तर वंचितांच्या बाबतीत नेहमीच उपलब्ध असते, आणि म्हणूनच ते पुरेसे मानता येत नाही.

येथे लक्षणीय गोष्ट अशी की, बार्शी-उस्मानाबादच्या भागात २००९ पर्यंत या रोगाविषयी गावकऱ्यांशी बोलणे बावीस वर्षे चालू होते. ज्या स्त्रियांची तपासणी झाली त्यांच्याच मुली व नाती पुढे लसीच्या वयात येणार होत्या. भारतातील लसीकरणाचा पहिला मोठा प्रकल्प मात्र अशा पूर्वसंबंधावाचूनच दोन अन्य जिल्ह्यांत सुरू झाला.

४

२००९ सालच्या जुलै महिन्यात तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात, आणि त्यानंतर लवकरच गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात, दहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलींना ही लस टोचण्याचा ‘निदर्शन प्रकल्प’ सुरू झाला. ‘पाथ’ ही अमेरिकन संस्था, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि दोन्ही राज्यांची आरोग्य खाती यांनी तो मिळून हाती घेतला होता. द्रव्यसाहाय्य गेट्स प्रतिष्ठानाचे होते. लसी त्यांच्या उत्पादकांनी विनामूल्य दिल्या होत्या. खम्मममध्ये गार्डासिल व वडोदऱ्यात सर्व्हारिक्स अशी योजना होती. खम्मममध्ये सुमारे १४,००० आणि वडोदऱ्यात सुमारे १०,००० मुली त्यात आल्या. भद्राचलमसारख्या आदिवासी प्रदेशातील आश्रमशाळा व वसतिगृहे यांचाही त्यात अंतर्भाव होता. हा प्रदेश आज तेलंगण राज्यात मोडतो.

याच संस्थेने याच सुमारास पेरू, युगांडा व व्हिएतनाम या देशांतही असेच प्रकल्प चालविले. चारही देशांत आरंभी लोकांच्या समजुती, शंका व अपेक्षा यांची पाहणी झाली होती. म्हणजे समाजाला विचारले पाहिजे ही जाणीव आयोजकांस नव्हती असे म्हणता येत नाही. पुढे प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार शाळांमार्फत टोचणी झाली तेव्हा पेरूमध्ये ८२.६ टक्के, युगांडात ८८.९ टक्के व व्हिएतनाममध्ये ९६.१ टक्के इतक्या मुलींपर्यंत लस पोचली. भारतात मोहिमेच्या पद्धतीने हे प्रमाण ७७.२ ते ८७.८ टक्के होते. केवळ आकडे पाहणाऱ्यास भारतातील प्रकल्प अन्य देशांतील प्रकल्पांच्या पंक्तीला सहज बसणारा दिसेल.

परंतु या टक्केवारीच्या खाली जी कागदपत्रे होती ती वेगळे काही सांगत होती. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१३ मध्ये सादर केलेल्या आपल्या बहात्तराव्या अहवालात संमतिपत्रांचा हिशेब दिला आहे. आंध्र प्रदेशातील ९,५४३ संमतिपत्रांपैकी १,९४८ पत्रांवर अंगठे होते, आणि २,७६३ पत्रांवर वसतिगृहांच्या अधीक्षकांनी सह्या केल्या होत्या. गुजरातमधील ६,२१७ पत्रांपैकी ३,९४४ पत्रांवर अंगठे होते.

या आकड्यांचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. अंगठा म्हणजे संमतीचा अभाव नव्हे. निरक्षर आईला आपल्या मुलीचे हित कळत नाही असे मानणे हे अन्यायाचे तर आहेच, पण इतिहासदृष्ट्याही चुकीचे आहे. सावकाराच्या कागदावर अंगठा उठविताना फसलेला शेतकरी आणि समजून-उमजून करार करणारा शेतकरी यांच्या अंगठ्यांत कागदावर भेद दिसत नाही. भेद असतो तो अंगठ्यापूर्वी झालेल्या बोलण्यात. ते बोलणे झाले होते की नाही, कोणत्या भाषेत झाले, नकार देण्याची मुभा आहे असे सांगितले गेले काय, याचा पुरावा संमतिपत्रात राहत नाही. म्हणून अंगठ्यांची संख्या संशय उत्पन्न करते. निर्णय देत नाही.

अधीक्षकांच्या सह्यांची गोष्ट निराळी आहे. वसतिगृहाचा अधीक्षक हा मुलीच्या निवासाची व भोजनाची व्यवस्था पाहणारा शासकीय नोकर होय. तो तिचा पालक नव्हे. लस देणारे शासन, आणि मुलीच्या वतीने होकार देणारा शासनाचाच नोकर, अशी ही रचना होती. म्हणजे एकाच हाताने विचारावे आणि त्याच हाताने उत्तर लिहावे. ज्या आदिवासी कुटुंबांनी शिक्षणासाठी आपल्या मुली दूरच्या आश्रमशाळेत ठेवल्या होत्या, त्यांच्यापर्यंत पोचणे कष्टाचे होते, हे खरे. पण वंचित समाजापर्यंत पोचण्याचे हे कष्ट टाळावयाचे असतील, तर अशा समाजाची प्रकल्पासाठी निवड करण्यास कोणते कारण उरते, हा प्रश्न शिल्लक राहतो.

५

२०१० सालच्या आरंभी स्त्रियांच्या आरोग्याविषयी काम करणाऱ्या संघटनांनी या प्रकल्पासंबंधी आवाज उठविला. लस घेतलेल्यांपैकी सात मुलींचे, आंध्र प्रदेशात पाच व गुजरातमध्ये दोन, मृत्यू झाल्याचे उघडकीस आले. एप्रिल २०१० मध्ये केंद्र शासनाने प्रकल्प स्थगित केला. शासनाने नेमलेल्या चौकशी समितीने २०११ साली आपला निष्कर्ष दिला, तो असा की या मृत्यूंचा लसीशी संबंध दिसत नाही. बुडून मृत्यू, सर्पदंश, विषप्राशन, मलेरिया अशी कारणे पुढे आली. मात्र संमती घेण्याची पद्धत आणि लस दिल्यानंतरच्या त्रासाची नोंद ठेवण्याची व्यवस्था यांतील उणिवा समितीस आढळल्या. संसदीय समितीने याहून पुष्कळ कडक भाषा वापरली आणि प्रकल्पामागे व्यापारी हेतू असल्याचा ठपका ठेवला. संस्थेने तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयातही २०१२ पासून हा विषय गेला. त्यातूनच संसदीय समितीच्या अहवालाचा न्यायालयात कितपत आधार घेता येईल हा घटनात्मक प्रश्न उपस्थित झाला, आणि मे २०१८ मध्ये घटनापीठाने असा आधार घेता येतो असा निर्णय दिला.

या प्रकरणाशी पश्चिम भारताच्या इतिहासातील एका जुन्या प्रकरणाचे साम्य आहे. मुंबईत १८९७ च्या जानेवारीत हाफकीन यांनी प्लेगवरील लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबई व पुणे येथील प्लेगच्या काळातील सक्तीच्या उपायांनी लोकांत जो क्षोभ उसळला तो सर्वश्रुत आहे. पुढे १९०२ साली पंजाबातील मलकोवाल या गावी याच लसीच्या एका बाटलीतून टोचून घेतलेले १९ लोक धनुर्वाताने दगावले. हाफकीन यांचे पद गेले. बाटली प्रयोगशाळेत नव्हे तर टोचणीच्या जागी दूषित झाली असावी हे मान्य होऊन त्यांच्यावरील दोषारोप दूर होण्यास १९०७ साल उजाडावे लागले. परळच्या ज्या प्रयोगशाळेतून ती लस जात असे, तिला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले.

दोन्ही प्रकरणांत लस निर्दोष ठरली. दोन्हींत कार्यक्रमाला मात्र धक्का बसला. पण साम्य येथेच संपते. मलकोवालला मृत्यू टोचणीमुळेच झाले होते. खम्मममध्ये तसा संबंध आढळला नाही. असे असूनही खम्ममचा परिणाम अधिक दीर्घकाळ टिकला. याचे कारण उघड आहे. हजारो मुलींच्या समूहात वर्षभरात काही मृत्यू दुर्दैवाने होतातच. वाडीवस्तीवर साप असतात, विहिरी असतात, ताप असतो. ज्या आईने समजून होकार दिला असेल ती अशा मृत्यूचे कारण शोधताना लसीबद्दल प्रश्न विचारील, आणि उत्तर मिळाल्यास ते ऐकेल. जिला विचारलेच गेले नव्हते, तिला नंतर दिलेले उत्तर सारवासारवीसारखे वाटणे स्वाभाविक आहे. संमतीचा उपयोग आपत्तीच्या दिवशी कळतो; तोपर्यंत ती असली काय व नसली काय, टक्केवारीत काही फरक दिसत नाही.

यावर कोणी असे म्हणेल की, ही सारी निरक्षरतेची फळे होत. त्यास जपानचे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. सुशिक्षित व संपन्न अशा त्या देशात लसीनंतरच्या तक्रारींची वृत्ते प्रसिद्ध झाल्यावर जून २०१३ मध्ये शासनाने या लसीची सक्रिय शिफारस थांबविली. सुमारे ७० टक्क्यांवर असलेले लसीकरणाचे प्रमाण पुढील पिढीच्या मुलींत एक टक्क्याच्याही खाली गेले, आणि २०२२ पर्यंत ती शिफारस पूर्ववत होऊ शकली नाही. भीतीचा मक्ता अडाण्यांकडे नाही.

६

स्थगितीचा फटका खम्मम-वडोदऱ्यापुरता मर्यादित राहिला नाही. ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सप्टेंबर २००९ मध्ये भारतातील नऊ केंद्रांवर एक स्वतंत्र अभ्यास सुरू केला होता. मुंबई, पुणे व बार्शी ही त्यांतील महाराष्ट्रातील केंद्रे होत. दोन मात्रा पुरतात की तीन लागतात, हे ठरविण्यासाठी दहा ते अठरा वर्षांच्या २०,००० अविवाहित मुलींना लस द्यावयाची होती. एप्रिल २०१० मध्ये या प्रकारच्या सर्वच अभ्यासांतील टोचणी थांबविण्याचा आदेश निघाला, तेव्हा १७,७२९ मुलींना किमान एक मात्रा मिळालेली होती. त्यांपैकी सुमारे ५,००० मुली एकाच मात्रेवर राहिल्या. ही योजना कोणी आखलेली नव्हती. आदेशाची तारीख आणि टोचणीचे वेळापत्रक यांच्या योगायोगाने हा गट तयार झाला.

संशोधकांनी व गावोगावच्या कार्यकर्त्यांनी या मुलींची साथ सोडली नाही. त्या मोठ्या झाल्या, त्यांची लग्ने झाली, कित्येक सासरी दुसऱ्या गावी गेल्या; तरी दहा वर्षांपर्यंत त्यांचा पाठपुरावा होत राहिला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार सोळाव्या व अठराव्या प्रकारच्या चिवट संसर्गापासून एका मात्रेने ९५.४ टक्के, दोन मात्रांनी ९३.१ टक्के व तीन मात्रांनी ९३.३ टक्के संरक्षण मिळाले. म्हणजे व्यवहारतः तिन्हींत अंतर नव्हते. हा पुरावा अन्य देशांतील पुराव्यांबरोबर विचारात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ मंडळाने एप्रिल २०२२ मध्ये एक मात्राही पुरेशी मानता येईल असा अभिप्राय दिला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संघटनेने तो अधिकृत भूमिकेत स्वीकारला. गरीब देशांचा खर्च व श्रम त्यामुळे निम्म्याहून खाली येण्याची वाट मोकळी झाली.

या घटनेकडे केवळ ‘इष्टापत्ती’ म्हणून पाहणे योग्य होणार नाही. ज्या मुलींना तीन किंवा दोन मात्रांचे आश्वासन देऊन एकीवरच थांबविण्यात आले, त्यांना दहा वर्षे आपण सुरक्षित आहोत की नाही हे निश्चित ठाऊक नव्हते. त्यांच्या अनिश्चिततेतून जगाला ज्ञान मिळाले. त्यांनी व त्यांच्या कुटुंबांनी परत परत दार उघडून कार्यकर्त्यांस आत घेतले, रक्ताचे व इतर नमुने दिले, म्हणूनच ते मिळाले. बार्शीच्या नोंदणीच्या वेळचेच सूत्र येथे पुन्हा आढळते: संपर्क सातत्याने ठेवला गेला तेथे अडथळ्यातूनही काम पुढे गेले.

७

२०१६ च्या नोव्हेंबरात पंजाब शासनाने भटिंडा व मानसा या दोन जिल्ह्यांतील सहावीच्या मुलींना शाळांमधून ही लस दिली. ही निवड विचार करण्याजोगी आहे. कापसाच्या या पट्ट्यात कर्करोगाची धास्ती घरोघर पोचलेली होती. भटिंड्याहून बिकानेरला उपचारासाठी जाणाऱ्या रोग्यांच्या गर्दीमुळे तेथील एका रेल्वेगाडीला लोकांनी कर्करोगाचेच नाव दिले होते. रोग काय असतो हे येथे कोणी बाहेरून येऊन सांगावे लागत नव्हते. लक्ष्य ठरविलेल्या मुलींपैकी बहुतेक सर्वांपर्यंत लस पोचली.

त्यानंतर २०१८ साली सिक्कीमने आपल्या सर्व जिल्ह्यांतील नऊ ते तेरा वर्षांच्या मुलींसाठी कार्यक्रम हाती घेतला. अशा मुलींची संख्या सुमारे २५,००० होती. राज्याने लस दानाने स्वीकारली नाही, आपल्या निधीतून घेतली. आरोग्य व शिक्षण या दोन खात्यांनी एकत्र येऊन आखणी केली. शिक्षक, आशा कार्यकर्त्या, डॉक्टर व वृत्तपत्रे यांना टोचणीपूर्वीच माहिती देण्यात आली. पालकांशी शाळांतून बोलणे झाले. शाळेत जाणाऱ्या मुलींस शाळेत आणि शाळाबाह्य मुलींस आरोग्यकेंद्रात लस देण्याची व्यवस्था होती. पहिल्या मात्रेच्या वेळी ९५ टक्क्यांहून अधिक मुलींस लस मिळाली. सहा महिन्यांच्या अंतराने दुसरी मात्रा द्यावयाची होती, आणि तेव्हाही प्रमाण घसरले नाही. पुढे ही लस राज्याच्या नित्याच्या लसीकरणात समाविष्ट झाली.

खम्मम व सिक्कीम यांची तुलना करताना काही भेद मान्य केलेच पाहिजेत. सिक्कीम लहान राज्य आहे. तेथील साक्षरता अधिक आहे. २०१८ पर्यंत लसीच्या निर्धोकपणाचा पुरावा २००९ च्या मानाने पुष्कळच वाढलेला होता. आणि तीनऐवजी दोन मात्रांचे वेळापत्रक आल्यामुळे कामही सोपे झाले होते. एका राज्याच्या यशावरून सर्व देशाबद्दल विधान करणे धाडसाचे होईल. तथापि एक भेद या सर्वांहून निराळा आहे. खम्मममध्ये प्रश्न असा होता की, ही लस भारतात देता येते काय. उत्तर मुलींच्या गावाबाहेर कोणाला तरी हवे होते. सिक्कीममध्ये प्रश्न असा होता की, आपल्या मुलींना ही लस द्यावयाची काय. आणि उत्तर देणारे शासन त्या मुलींच्या पालकांनीच निवडलेले होते. पहिल्या ठिकाणी मुली पुरावा होत्या, दुसऱ्या ठिकाणी त्या प्रयोजन होत्या. टोचणीची टक्केवारी दोन्हीकडे मोठी होती. पण एकीकडील संख्या पहिल्या आघाताबरोबर कोसळली, तर दुसरीकडील संख्या दुसऱ्या मात्रेपर्यंत आणि पुढेही टिकली.

८

जून २०२२ मध्ये राष्ट्रीय लसीकरण सल्लागार गटाने या लसीची शिफारस केली. त्याच वर्षी जुलैमध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या सर्व्हाव्हॅक या भारतीय लसीला परवाना मिळाला, आणि १ फेब्रुवारी २०२४ च्या अर्थसंकल्पीय भाषणात नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींच्या लसीकरणास उत्तेजन देण्याचे केंद्र शासनाने घोषित केले. त्याआधी नोव्हेंबर २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाच्या निर्मूलनाचे जे धोरण आखले, त्यात २०३० पर्यंत पंधरा वर्षांपर्यंतच्या ९० टक्के मुलींना लस मिळावी असे लक्ष्य ठेवलेले आहे. येथे पुन्हा टक्केवारीच समोर येते. लक्ष्य गाठण्याची घाई जितकी अधिक, तितका अधीक्षकाच्या सहीचा मोह अधिक.

आरंभी ज्या दोन मतांचा उल्लेख केला, त्यांपैकी कोणतेही एक या इतिहासाला पुरेसे पडत नाही. अफवांनी लस बुडविली असे म्हणणाऱ्यांना २,७६३ सह्यांचे उत्तर द्यावे लागते. पायबंद बसला हे बरे झाले असे म्हणणाऱ्यांना २०१० नंतर लसीच्या वयातून पुढे निघून गेलेल्या मुलींचे उत्तर द्यावे लागते. त्यांपैकी किती जणींना हा रोग होईल हे पुढील वीस वर्षांत कळेल, आणि त्या बहुतांशी खम्ममच्या मुलींसारख्याच घरांतील असतील. संमती न घेतल्याचे नुकसान जिची घेतली नाही तिच्यापुरते थांबले नाही; जिला कोणी विचारावयाला गेलेच नाही, अशा दूरच्या मुलीपर्यंत ते जाऊन पोचले.

म्हणून वंचित समाजातील लसीकरणाचा इतिहास लिहिताना टोचणीच्या नोंदवहीबरोबर टोचणीपूर्वीच्या बोलण्याचाही मागोवा घ्यावा लागेल. कोण बोलावयास गेले, कोणत्या भाषेत बोलले, नकार कोणी दिला आणि नकार देणारीला पुढे कसे वागविले गेले, ही साधने गोळा करणे कठीण आहे. ती दप्तरांत कमी व गावात अधिक सापडतील. बार्शीच्या कार्यकर्त्यांना १९८७ साली रोग्यांच्या शोधार्थ जसे गावात जावे लागले, तसे या विषयाच्या अभ्यासकालाही जावे लागेल.